मोरपंखीच्या बाबतीत तुमचंच चुकलं, खाला

खाला, आधी भांडण. रडणं नंतर पाहू.

तुम्ही गेलातच कशा? आपलं बोलणं अर्धं होतं. अर्ध्या बोलण्यातून उठून जायची तुमची रीत नव्हती. पांढरकवड्याला तुमच्या अंगणातल्या खोलीत मी सहा वर्षं भाड्यानं राहिले. तेवढ्या काळात तुम्ही एकही भांडण दुसऱ्या दिवसावर टाकलेलं मला आठवत नाही. दूधवाल्याशी सकाळी वाजलं तर दुपारच्या आत मिटायचं. नाही मिटलं तर तुम्ही चप्पल घालून त्याच्या घरी जायच्या, चहा पिऊन यायच्या, आणि आल्यावर सांगायच्या, "चूक त्याचीच होती, पण बिचाऱ्याची म्हैस आजारी हाये." आणि माझ्याशी मात्र तीन महिने बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही, ते वेगळं. मी लहान आहे. लहानांनी रुसायचं असतं, मोठ्यांनी फोन करायचा असतो.

फोन आला तो तुमच्या सुनेचा. शबाना म्हणाली, "रंजू, अम्मी गयी," आणि रडू लागली. मी पुण्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पानं झाडत होते. हातात खराटा तसाच राहिला. आणि पहिली गोष्ट मनात आली ती दुःखाची नव्हती. लाज वाटते लिहायला, पण खोटं कशाला लिहू. मनात आलं, आता ही बाई कधीच कबूल करणार नाही.

मला तुमच्याकडून एकच वाक्य पाहिजे होतं. रंजू, माह्यं चुकलं. एवढंच. तेही फक्त मोरपंखीच्या झाडांच्या बाबतीत. बाकी कशात तुमचं चुकलं असं मी कधी म्हटलं नाही, आजही म्हणत नाही.

सुट्टी मागणं मला जमत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. सुपरवायझरनं विचारलं, कोण वारलं? मी म्हटलं, खाला. त्यानं माझ्या कपाळावरच्या टिकलीकडं पाहिलं आणि विचारलं, खाला म्हणजे नक्की कोण? आता काय सांगू त्याला? घरमालकीण म्हणू? गुरू म्हणू? मावशी म्हणून मोकळी झाले. तीन दिवस मिळाले. यवतमाळपर्यंत ट्रॅव्हल्स, तिथून एसटी. पूर्ण रस्ताभर मी तुमच्याशी भांडत आले. शेजारच्या सीटवरची बाई दोनदा माझ्याकडं वळून पाहून गेली, म्हणजे ओठ हलत असावेत.

पोचले तर तुम्हाला आदल्या दिवशीच नेलेलं. ओसरीत सतरंजी टाकलेली, बायका बसलेल्या. मी शबानाच्या गळ्यात पडले. तेवढ्यात त्यातल्या एकीनं मेंदीच्या कुंपणाकडं पाहून सुस्कारा टाकला. नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखाल. म्हणाली, "खाला दिलाची लई चांगली. पण झाडाची दुश्मन. हयातीत एक झाड धड वाढू दिलं नाही."

मयताच्या घरी कोणी भांडत नाही म्हणून मी गप्प बसले. पण आतून अशी पेटले की पदराची गाठ वळून वळून हात दुखला. हिच्या तिन्ही पोरींच्या हळदीला हातावर मेंदी कुठली चढली होती? बाजारातली पुडी आणली होती का हिनं? टोपलं घेऊन तुमच्याच कुंपणाशी येऊन उभी राहायची ना? ते कुंपण दरसाल बुडापासून काटलं नसतं तर कोवळा पाला आला असता कुठून? जुन्या लाकडाच्या पानाला तसा रंग चढत नाही, हे त्या गल्लीत तुमच्याशिवाय कोणाला कळत होतं? आणि तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, तुमच्याच सतरंजीवर बसून, म्हणे झाडाची दुश्मन.

खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी मीही तेच म्हटलं होतं.

लग्नाला तेव्हा वर्षच झालेलं. गजानन हैदराबाद रोडवर ट्रकवर, आठ आठ दिवस घरी नाही. माहेरचं फुलसावंगी सोडून मी कधी कुठं राहिले नव्हते, एकटी तर नाहीच. सातवीत शाळा सुटली ती आईच्या आजारपणात. तेव्हापासून घर, धाकटे भाऊ आणि वावर. दारावर कोणी कागद घेऊन आलं तरी मला घाम फुटायचा. अशात शिमगा झाला, आणि एका सकाळी दार उघडून पाहते तर तुम्ही अख्खं कुंपण जमिनीपासून वीतभर ठेवून काटलेलं. कालपर्यंत डोक्याएवढं हिरवंगार होतं, आता नुसते खुंट. शहतुताच्या सगळ्या फांद्या काढलेल्या, खोडावर फक्त त्याच्या गाठी राहिलेल्या, मुठी वळल्यासारख्या. मुंगण्याचं झाड, पुण्यात ज्याला शेवगा म्हणतात ते, छातीएवढ्यावर उडवलेलं. मला रडूच फुटलं. मी म्हटलं, बाप्पा, सगळं मारून टाकलं की हो खाला.

तुम्ही कोयता पुसत होतात. वर न पाहता म्हणालात, "पोट्टे, तुह्ये केस काटले तं तू मरते काय?"

महिन्याभरात त्या खुंटांना तांबूस कोंब आले. मी रोज सकाळी मोजून पाहायची, तुम्ही लांबून हसायच्या. पुढच्या शिमग्याला तुम्ही न विचारता कोयता माझ्याच हातात दिला. रिकामी बसली की तुले रडू येते, म्हणालात, चाल.

कोयता खालून वर मारायचा. वरून मारला तर खुंट चिरतो, चिरीत पाणी बसतं आणि खुंट सडतो. काप तिरपा पाहिजे, पाणी बाहेर ओघळलं पाहिजे. मुंगण्याला शेवटची शेंग उतरेपर्यंत हात लावायचा नाही. एकदा काटला की मग मोठ्या मनानं काटायचा, म्हणजे पुढच्या साली शेंगा हाताला येतात, पोरं झाडावर चढून पाय मोडून घेत नाहीत. आणि शहतुताच्या मुठीला कधीच धक्का नाही. मुठीच्या वर काटायचं. कोंब फुटायचे डोळे मुठीत असतात.

हे सगळं तुम्ही कुठं शिकलात ते विचारलं तर सांगितलंत, लहानपणी तेंदूपत्त्याच्या हंगामाआधी खुटकटाईला जाणाऱ्या कोलाम बायकांच्या मागं मागं जायची. त्या जंगलात तेंदूची झुडपं बुडाशी छाटत जायच्या. तुमच्या अब्बांना वाटायचं, पोरगी वाया चालली. तुम्ही म्हणायच्या, बिडीले कोवळं पान लागते, आणि कोवळं पान पाहिजे तं खुंट काटा लागते. जंगलातले लोक काही खुळे नाहीत.

आणि आता त्या मुठीचं बोलू. कोयता हातात घेतला त्या पहिल्याच वर्षी मी घाईत शहतुताची एक मूठच उडवली. डोळ्यांसकट. ती फांदी परत फुटली नाही. तुम्ही मला रागावला नाहीत, खाला, तुम्ही त्याहून वाईट केलंत. तिचं नाव ठेवलंत. रंजूची मूठ. घरी कोणी पाहुणा आला, मेंदी घ्यायला कोणी बाई आली, तुमच्या लेकाच्या, इरफानच्या, गॅरेजवरचा माणूस चहाला आला, की तुम्ही त्याला हाताला धरून झाडाखाली न्यायच्या. हे पाहा, बाकीच्या फांद्या आमच्या, ही रंजूची. पाच वर्षं मी हे ऐकलं. हसत ऐकलं. एकदा तर माझ्या सासूबाईंना दाखवलंत. माझी एक चूक तुम्ही अंगणात उभी करून ठेवलीत, आणि तुमची एक चूक तुम्हाला फोनवर सांगवली नाही?

पण पुण्याचं सांगते, म्हणजे मी नुसती भांडकुदळ नाही हे तरी कळेल. गजाननला तिथं कंपनीच्या बसवर नोकरी लागली, आम्ही गेलो. मी बागेच्या कामाला म्हणून सोसायटीत गेले तर सुपरवायझरनं विचारलं, कोर्स केलाय का? शिक्षण किती? सातवी मी अगदी हळू सांगितली. समोर एक जास्वंद होती, नुसत्या काड्या वाढलेल्या, टोकाला दोन फुलं. मी म्हटलं, सर, कटर द्या. पाच मिनिटांत तिला गुडघ्याएवढी केली. तो पाहतच राहिला. म्हणाला, मेली तर? मी म्हटलं, मेली तर मला काढून टाका. त्या जास्वंदीनं मला नोकरी दिली. म्हणजे तुम्ही दिलीत. माझ्या पोरीची शाळा, घराचं भाडं, सगळं त्या कोयत्यातून आलं. सातवी शिकलेल्या बाईला कोणीतरी "ताई, हे झाड कसं करायचं?" असं विचारतं, हे काय असतं ते मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. फोनवर आपण नेहमी जेवण झालं का, पाऊस आहे का, एवढंच बोललो.

आणि मग मोरपंखी.

सोसायटीच्या फाटकापासून आतपर्यंत दोन्ही बाजूंनी मोरपंखीची रांग होती. वरून हिरवी, खालून उघडी पडलेली, आत नुसत्या तपकिरी काड्या. दिवाळी झाल्यावर कमिटीनं सांगितलं, ही नीट करा, वाईट दिसते. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही विचारलंत, बुडाशी उघडी पडली काय? मी म्हटलं, हो. "तं मंग वरवर कायची हजामत करतं? बुडापासून घे. वीतभर ठेव." मी अडले, खाला. तुम्हाला आठवत असेल, मी अडले होते. मी म्हटलं, हे मेंदीसारखं नाही, याचं पान पानासारखंच नाही, सुरूच्या जातीचं काहीतरी दिसते. तुम्ही म्हणालात, झाड हाये ना? मुळं हाये ना? मंग फुटते.

तुम्ही कधी चुकला नव्हतात. मी कोयता घेतला. खालून वर, तिरपा काप, बाहेरच्या अंगाला. इतकी सुंदर छाटणी मी आयुष्यात केली नव्हती. फोटो काढून ठेवला होता तुम्हाला दाखवायला.

त्याच आठवड्यात काटलेली जास्वंद फुटली, बोगनवेल फुटली, कण्हेर फुटली. मोरपंखीचे खुंट तसेच. पंधरा दिवस, महिना, सव्वा महिना. मी कामावर गेले की आधी फाटकाशी वाकून पाहायची. लोक येता-जाता थांबायला लागले. कोणीतरी ग्रुपवर फोटो टाकला. मग मीटिंगला बोलावलं. मी क्लबहाउसच्या दाराशी उभी, चप्पल बाहेर काढून, आणि आत सगळे खुर्च्यांवर. एका बाईंनी विचारलं, हे असं कापायला तुला शिकवलं कोणी?

मी म्हटलं, पांढरकवड्याच्या माझ्या खालांनी.

हसले, खाला. मोठ्यानं नाही, शिकलेली माणसं हसतात तसं. एक जण म्हणाले, म्हणजे आपली बाग आता पांढरकवड्याहून फोनवर चालते का? पुन्हा हसले. नोकरी जाते की राहते ते कळत नव्हतं. तरी मी बोलले. म्हटलं, साहेब, माझं एक काम बिघडलं ते मला बोला. त्यांना बोलू नका. तुमच्या बागेत गेल्या चार वर्षांत जे जे फुललं ते त्यांच्या हातचं आहे. मी एवढं मोठं वाक्य त्यांच्यासमोर कधी बोलले नव्हते.

हे मी तुम्हाला सांगितलंच नाही. त्यांच्यासमोर तुमची बाजू घेतली आणि घरी येऊन तुमच्याच अंगावर धावले.

त्याच संध्याकाळी फोन लावला. मी म्हटलं, एकही फुटलं नाही, खाला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "थंडी हाये. झोपलं असीन. होळीपर्यंत थांब."

"थांबायले काय ठेवलं त्यांनी? उपटून टाकले आजच."

"काहून उपटू दिले? होळीले फुटले असते. आन् पाणी घातलं होतं काय बरोबर?"

पाणी. मी आयुष्याचं काम गमावून बसले होते, हातातलं कटर काढून घेऊन मला खराटा दिला होता, आणि तुम्ही मला विचारत होतात की पाणी घातलं होतं काय. मी म्हटलं, "ते केस नव्हते, खाला. मान होती. तुमच्या एका शब्दावर मी मान कापली."

तुम्ही म्हणालात, "अच्छा," आणि फोन ठेवला.

मग होळी आली. मी म्हटलं, आता खाला फोन करतील. ज्या होळीवर त्यांचा एवढा भरवसा होता तिच्या निमित्तानं तरी करतील. मग रमजान ईद आली. दरसाल सकाळी पहिला फोन माझा असतो. यंदा नंबर काढला आणि घंटा जायच्या आत बंद केला. मनाशी म्हटलं, मुबारकबाद द्यायला माझी ना नाही, पण आधी त्या दोन शब्द बोलू देत. तुम्ही पण तिकडं असंच काहीतरी घेऊन बसला असाल. कोण आपल्याला सांगणार होतं, की बायांनो, दोघीही येड्या आहात.

तिसऱ्या दिवशी माझी परतीची गाडी होती. बायका पांगल्या, शबाना आतलं आवरत होती. मी उगीच अंगणात फिरत होते. कुंपण तुम्ही यंदाही शिमग्यानंतर काटलेलं दिसत होतं, कोंब टीचभर वर आलेले. मग शबाना पाण्याचा मग घेऊन बाहेर आली आणि मागं, हौदाच्या आडोशाला गेली. मी मागोमाग गेले.

तिथं एक कुंडी होती. कुंडीत एक खुंट. वीतभर. काप तिरपा, बाहेरच्या अंगाला. माती ओली.

मी काही विचारायच्या आत मला कळलं. त्या लाकडाची साल मी सव्वा महिना रोज वाकून पाहिली होती.

शबानानं सांगितलं ते असं. आपलं भांडण झालं त्याच आठवड्यात तुम्ही कोणाला न सांगता एसटीनं यवतमाळला गेलात. नर्सरीतून मोरपंखीचं चांगलं भरलेलं रोप घेतलंत आणि येताना पूर्ण रस्ता मांडीवर धरून आणलंत. दुसऱ्या सकाळी कोयत्यानं बुडापासून काटलंत. इरफान म्हणाला, अम्मी, नवं कोरं झाड? तुम्ही त्याला म्हणालात, तू तुझे गॅरेजचे पाने पकड, कुंडीकडं पाहू नको. मग रोज पहाटे फजरची नमाज झाली की तुम्ही पिढं घेऊन त्या कुंडीसमोर बसायच्या. रोज पाणी. थंडी गेली, होळी गेली. कुंपण फुटलं, शहतूत फुटला. ईद गेली. शबाना एकदा म्हणाली, हे वाळलंय, टाकू का, तर तुम्ही तिला इतकं झापलंत की तिनं परत नाव काढलं नाही.

"फिर एक दिन खुदच बोली," शबाना म्हणाली, "रंजू आयी तो उसकोच पूछना. मरा क्या जिंदा, वोच बतायेगी. तब तक पानी बंद मत करना."

म्हणून ती पाणी घालत होती. तुम्ही गेल्यानंतरही, तिन्ही दिवस. घर पाहुण्यांनी भरलेलं, डोळे सुजलेले, आणि ही बाई मग घेऊन एका काडीला पाणी घालायला येत होती, कारण तिला सांगितलं होतं की रंजू सांगेपर्यंत थांबायचं नाही.

मी खाली बसले. नखानं साल खरवडली. जिवंत असेल तर आत हिरवं आणि ओलसर निघतं. तपकिरी निघालं. आणखी खाली खरवडलं, मातीला लागून, जिथं शेवटची आशा असते तिथं. तिथंही कोरडं, काडीपेटीच्या काडीसारखं. शबाना पाण्याचा मग धरून उभी होती. तुमच्या अंगणात कोणत्या झाडाचं काय करायचं हे आजवर तुम्ही सांगायच्या आणि मी ऐकायची. तिथं पहिल्यांदा मला विचारलं होतं.

मी म्हटलं, "मेलं."

"कबका?"

"काटलं त्याच दिवशी."

तिनं मगमधलं पाणी मेंदीच्या बुडाशी ओतलं आणि आत गेली.

मी तिथंच बसले, खाला, आणि मला इतका राग आला की अख्ख्या आयुष्यात आला नसेल. तुम्हाला माहीत नव्हतं असं मला सांगू नका. तुम्ही जन्मभर खुंट पाहिले. होळीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात तुम्हाला कळलं असेल. नखानं खरवडून पाहायला तुम्हीच मला शिकवलं, मग त्या सालीवर तुमच्या नखाची एकही खूण कशी नव्हती? नाही खरवडलंत. मुद्दाम नाही खरवडलंत. ते काम माझ्यासाठी ठेवलंत. एकदा, फक्त एकदा, रंजूचं बरोबर होतं हे रंजूच्याच तोंडून ऐकायचं होतं तुम्हाला. आणि ते ऐकायला मी पांढरकवड्याला येईन, तुम्ही पिढ्यावर बसलेल्या असाल, मी खरवडीन, असं सगळं तुम्ही मनात ठरवलं होतं. फक्त मला बोलवायचं राहून गेलं.

मी जिंकल्यासारखी वागले नसते. शप्पथ. मीही सांगितलं असतं, खाला, मलाही शंका होती, तरी काटलं. हात माझा होता. दोघींनी मिळून ती काडी उपटली असती. चहा पिला असता. त्या कुंडीत तुम्ही दुसरं काहीतरी लावायला घेतलं असतं आणि मी लावते म्हटलं तर मला लावू दिलं नसतं.

एवढं सगळं एका फोनचं काम होतं. फोन ओसरीत होता, कुंडीपासून दहा पावलांवर. माझा नंबर शबानानं मोठ्या आकड्यात भिंतीवर लिहून ठेवलेला मी स्वतः पाहिला. मले विचारायचं होतं, तं मलेच विचारायचं होतं, खाला. तो सवाल शबानाजवळ कायले ठेवून गेल्या?